टिंबरावांची अनुक्रमणिका

“अनुक्रमणिका? हॅ! हे काय काम आहे? पाच मिनिटं! चहा धरून सात!”

सकाळी पावणेदहाला टिंबरावांनी ही घोषणा केली, तेव्हा त्यांच्या अंगावर इस्त्रीचा सदरा होता, चेहऱ्यावर तेज होतं आणि त्यांच्यावर पूर्ण विश्वास ठेवणारं एक माणूस घरात हजर होतं. ते माणूस म्हणजे ते स्वतः.

टिंबराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. एका मोठ्या कचेरीत ते एकतीस वर्षं कारकुनी करत हेडक्लार्कपदाला पोचले होते, आणि टाइपरायटरच्या जमान्यात त्यांनी जे नाव कमावलं ते टिंबांवर कमावलं. डावीकडे मजकूर, उजवीकडे आकडा आणि मध्ये दोघांना जोडणारी टिंबांची रांग. ही रांग त्यांच्यासारखी कुणालाच मारता येत नसे. वरच्या ओळीतलं टिंब खालच्या ओळीतल्या टिंबाच्या बरोब्बर डोक्यावर! मुंग्यांनी कवायत करावी तसा कागद दिसे. एक मोठे साहेब तर स्वतःच्या निवृत्तीच्या भाषणात गदगदून म्हणाले होते, “साहेब येतील, साहेब जातील, पण अशी टिंबं पुन्हा होणे नाही!” तेव्हापासून ते टिंबराव.

पुढे कॉम्प्युटर आले. टाइपरायटर भंगारात गेले. टिंबराव कचेरीतच राहिले. त्यांच्या मते कॉम्प्युटर म्हणजे डोक्यावर टीव्ही ठेवलेला टाइपरायटर. फक्त ओळ संपल्यावर घंटी वाजत नाही, एवढंच त्याच्यात न्यून.

तर अनुक्रमणिका होती त्यांच्या बायकोच्या प्रबंधाची. बायको कॉलेजात शिकवायची, त्यामुळे अख्खी गल्ली तिला बाई म्हणे आणि रागावली की टिंबरावही म्हणत. बाईंचा प्रबंध नऊ वर्षं चालू होता. विषय होता ‘मध्यमवर्गीय कुटुंबातील संवादाचा ऱ्हास : एक चिकित्सक अभ्यास’. अभ्यास इतका चिकित्सक होता, की त्यापायी या नऊ वर्षांत घरात कुणाला कुणाशी बोलायला सवड झाली नव्हती.

दोनदा मुदतवाढ मिळून गेली होती. तिसरी मिळत नसते. आज पाच वाजता विद्यापीठाची खिडकी बंद होणार, आणि पाचच्या आत चार प्रती आत गेल्या नाहीत तर नऊ वर्षांची नोंदणी रद्द! बाई काल एक कच्ची प्रत दाखवायला घेऊन गेल्या होत्या. खिडकीतून ती परत आली. वर पेन्सिलीचा शेरा होता : ‘अनुक्रमणिकेतील पाने जुळत नाहीत. टिंबे वाकडी.’

पाने जुळत नाहीत हे टिंबरावांनी एक वेळ पचवलं असतं. ‘टिंबे वाकडी’ हे मात्र त्यांच्या काळजात घुसलं. कारण ती अनुक्रमणिका त्यांनीच केली होती. हाताने. एकेक टिंब दाबून!

“अहो, तुम्ही हात लावू नका,” बाई चपला घालता घालता म्हणाल्या. “मी सरांची सही घेऊन येते आणि मग मीच बसते.”

“सरांकडे जायला दीड तास, यायला दीड तास. बसणार कधी? उठणार कधी?”

“मग लेकीला फोन करा. ती सांगेल.”

“अनुक्रमणिकेसाठी पोरीला फोन? मी एकतीस वर्षं कचेरीत काय गवत उपटलं?”

“ही तुम्हीच केली होती ना?”

“केली तेव्हा सरळ होती! नंतर तू मध्ये तीन पानं घुसडलीस.”

“घुसडली नाहीत. मुलाखती आहेत त्या. सरांनी घालायला लावल्या.” बाई दारात थांबल्या. आवाज एकदम खाली आला. “हे बघा, नऊ वर्षं आहेत माझी त्या फाईलमध्ये. मस्करी नको. छापलेल्या प्रती घेऊन थेट खिडकीपाशी या, मी सही घेऊन तिथेच येते.”

“अगं, पाच मिनिटं...”

“आणि ती चिठ्ठी लक्षात आहे ना?”

कॉम्प्युटरच्या पडद्याच्या वरच्या कडेला एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती. बाईंच्या अक्षरात. ‘या फाईलमध्ये काहीही पुसायचं नाही.’

“आहे! मी काही पुसत नाही!” टिंबराव छातीवर हात ठेवून म्हणाले. आणि हे अगदी खरं होतं. सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

पण ही चिठ्ठी कुठून आली ते सांगितल्याशिवाय पुढची मजा कळायची नाही.

बाई घरी असल्या की त्या फाईलमध्ये असत. त्यांना तोंडी काही सांगितलं तर “हं” एवढं उत्तर मिळे, आणि ते “हं” कुठेही नोंदलं जात नसे. फ्रिजवर चिठ्ठी लावली तर बाई फ्रिज उघडत, पाण्याची बाटली काढत, फ्रिज बंद करत, आणि चिठ्ठी जागच्या जागी पिवळी पडे. शेवटी लेकीनेच तोडगा काढला. आईला काही कळवायचं असेल तर तिच्या प्रबंधातच लिहायचं! फाईल उघडीच असते. जिथे असाल तिथे दोन शब्द टाइप करायचे आणि वर ‘हेडिंग वन’ नावाचं बटण दाबायचं. अक्षरं टपोरी निळी होतात, आईला चुकवायचं म्हटलं तरी चुकत नाही. टिंबरावांच्या आईसुद्धा खुर्चीमागे उभ्या राहून मजकूर सांगत. मग ‘संवादाचा ऱ्हास आणि त्याची कारणे’ या ओळीखाली निळ्या अक्षरांत उमटे : ‘गॅसवाला येऊन गेला’. बाई ते वाचत, काम करत, ओळ पुसून टाकत. घर उत्तम चालू होतं.

एकदा मात्र वाचून झालेली अशी एक ओळ पुसायला टिंबराव स्वतः बसले, आणि त्या ओळीबरोबर दुसऱ्या प्रकरणाची अकरा पानं पुसून उठले! त्यानंतर घरात आठ दिवस भूकंपानंतरची शांतता होती. नवव्या दिवशी चिठ्ठी लागली.

असो. बाई गेल्या आणि टिंबराव आसनस्थ झाले. मनगटं चोळली. पहिली चुकलेली ओळ : ‘प्रकरण तिसरे : जेवणाच्या टेबलावरील मौन’, पान ८४. तिथे ८७ हवं. टिंबरावांनी चार पुसून सात केलं. चारपेक्षा सात अंगाने किंचित बारीक निघालं असावं, कारण आकडा केसभर आत सरकला. त्यांनी एक टिंब वाढवलं. आकडा उडी मारून खालच्या ओळीत जाऊन बसला. टिंब काढलं. परत आला, पण रुसलेल्या जावयासारखा, रांगेपासून चार बोटं लांब! दोन टिंबं, अर्धी मोकळी जागा, पुन्हा एक टिंब... आता हा आकडा रांगेत आला तर खालचे तिघे बाहेर गेले.

साडेदहाला त्यांनी लाकडी फूटपट्टी आणली आणि ती पडद्याला लावून टिंबं मोजायला सुरुवात केली.

“काय मापतोस रे?” आईने आतून विचारलं.

“टिंबं!”

“बरं,” आई म्हणाली. “झाली की मलाही दोन दे.” आईला ऐकायला नीट यायचं. समजून काय घ्यायचं ते मात्र ती स्वतः ठरवायची.

साडेअकरापर्यंत टिंबराव घामाघूम झाले होते, चहा दोनदा थंड झाला होता, आणि मुंग्यांच्या कवायतीवर कुणी साखर सांडावी तशी अनुक्रमणिका दिसत होती. शेवटी अभिमान खुंटीला टांगून त्यांनी लेकीला फोन लावला. लेक दुसऱ्या गावी नोकरीला होती.

“बाबा, पटकन सांगा, मी मीटिंगला चाललेय.”

“काही नाही, सहज. अनुक्रमणिकेतले आकडे जरा चळलेत.”

“टिंबं हाताने टाकलीयत?”

टिंबरावांनी फूटपट्टी हळूच पाठीमागे लपवली.

“बाबा! किती?”

“मोजली नाहीत गं. दोनेक हजार असतील.”

पलीकडून जो आवाज आला तो खोकल्याचा होता, असं टिंबराव आजही मानतात. मग लेकीने सांगितलं, “ती सगळी यादी काढून टाका. आईने प्रकरणांना हेडिंग वन दिलेलंच आहे. वर ‘रेफरन्सेस’वर जा, पहिलंच बटण. दाबा. यादी आपोआप तयार होते.”

“आपोआप?”

“आपोआप! टिंबांसकट! आणि हे बघा बाबा, यादी झाली की त्यात हाताने काहीसुद्धा...”

पण ‘टिंबांसकट’ या शब्दावर टिंबरावांनी फोन ठेवून दिला होता. त्यांना ते फार लागलं.

चिठ्ठीकडे एकदा पाहून त्यांनी मनाशी निवाडा केला, की स्वतः केलेलं पुसणं हे पुसण्यात मोडत नाही. जुनी यादी काढली. बटण दाबलं.

एका सेकंदात यादी उभी! टिंबं अशी सरळ, अशी एकावर एक, की टिंबरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. एकतीस वर्षांची साधना या डबड्याने शिंक द्यावी तशी देऊन टाकली होती. त्यांनी खिशातून चष्मा काढला, नाकावर ठेवला आणि यादी वाचायला घेतली.

‘प्रकरण पहिले : प्रास्ताविक ........ १’

वा!

‘गिझर चालू राहिलाय ........ १९’

टिंबरावांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा लावला. गिझर चालूच होता.

‘प्रकरण दुसरे : संकल्पना आणि व्याख्या ........ ३१. आईंचा चष्मा फ्रिजमध्ये सापडला ........ ६७. प्रकरण तिसरे : जेवणाच्या टेबलावरील मौन ........ ८७. वाट पाहून जेवून घेतलं ........ ९८...’

निरोपांच्या अशा तेवीस ओळी! टिंबरावांच्या तोंडचं पाणी पळालं. कारण या ओळी तिथे का आहेत, हे जगात फक्त त्यांना ठाऊक होतं.

बाई आज एका प्रकरणात तर उद्या दुसऱ्यात. काही निरोप त्यांच्या नजरेला पडतच नसत. असे शिळे निरोप साफ करण्याचं काम टिंबरावांनी गुपचूप स्वतःकडे घेतलं होतं. पण पुसायला तर बंदी! मग टाइपरायटरचा माणूस काय करतो? टाइपरायटरचा माणूस पुसत नाही, व्हाइटनर लावतो! टिंबराव दर सहा महिन्यांनी फाईल चाळत आणि एकेका निरोपाची निळी अक्षरं पांढरी करून टाकत. पांढरा कागद, पांढरी अक्षरं, कुणाच्या बापाला पत्ता नाही! पानापानावर कोरी जागा राहिली होती खरी, पण मार्गदर्शक सरांनी त्याचंही कौतुक केलं होतं. म्हणाले, “बाई, तुमच्या लेखनात श्वास घ्यायला जागा आहे.”

अनुक्रमणिकेला मात्र रंगाशी देणंघेणं नव्हतं. हेडिंग वन म्हटलं की तिने उचललं आणि काळ्या शाईत मांडलं.

टिंबराव यादी वाचत वाचत खाली आले आणि एका ओळीवर थांबले.

‘माझं चुकलं ........ १४३’

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. नातेवाइकांच्या घोळक्यात कुणीतरी विचारलं, “काय, प्रबंध कुठवर आला?” बाई तोंड उघडणार तेवढ्यात टिंबराव म्हणाले होते, “येतोय, येतोय! आमच्या कचेरीतली फाईलसुद्धा याहून जोरात पळते!” सगळे खो खो हसले. बाईही हसल्या. आणि मग अकरा दिवस एक शब्द बोलल्या नाहीत. बाराव्या दिवशी टिंबरावांनी फाईल उघडली, चारदा इकडेतिकडे पाहिलं आणि दोन शब्द लिहून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई म्हणाल्या, “दूध संपलंय.” टिंबरावांना कोण आनंद झाला! म्हणजे वाचलं. म्हणजे माफ केलं. विषय संपला. सवडीने त्यांनी त्या दोन शब्दांवरही पांढरा रंग फिरवला होता.

आता भावुक व्हायला वेळ नव्हता. सव्वाबारा झाले होते. प्रत्यक्ष पानावरचे निरोप पुसणं शक्यच नव्हतं, चिठ्ठी समोर होती. पण अनुक्रमणिका ही तर त्यांचीच निर्मिती! त्यांनी यादीतल्या तेविसच्या तेवीस ओळी एकेक करून हाताने उडवल्या. यादी आरशासारखी लख्ख झाली. पेन ड्राइव्ह खिशात टाकला आणि निघाले.

प्रिंटिंगच्या दुकानातल्या ताईंपुढे गर्दी होती. टिंबरावांचा नंबर लागला तेव्हा दोन वाजले होते. सोनेरी अक्षरांची चार पुठ्ठ्याची आवरणं आधीच तयार होती, आत पानं बसवायची तेवढी बाकी होती. ताईंनी फाईल उघडली, छपाईचं बटण दाबलं. पडद्यावर एक चौकट आली.

“काका, हे विचारतंय, यादीतले फक्त पानांचे आकडे ताजे करू की सगळी यादीच ताजी करू?”

टिंबराव त्या वेळी आवरणावरचं बायकोचं नाव बोटाने चाचपत होते. सोनेरी अक्षरं बोटाला लागत होती. ऊर भरून आला होता. मान वर न करताच ते म्हणाले, “सगळी करा हो! ताजं केव्हाही चांगलं!”

आणि ताईंनी सगळी ताजी केली.

चार प्रती काखोटीला मारून टिंबराव साडेचार वाजता विद्यापीठात पोचले. स्वतः तपासलेलं पुन्हा काय तपासायचं, म्हणून वाटेत त्यांनी एकही प्रत उघडली नव्हती. बाई सरांची सही घेऊन खिडकीपाशी उभ्याच होत्या. केस विस्कटलेले, पदर घामाने भिजलेला.

“झालं?”

“पाच मिनिटांचं काम!” टिंबराव म्हणाले.

खिडकीत एक भाऊसाहेब बसले होते. कानाला पेन्सिल, ओठांवर नियम. त्यांनी वरची प्रत ओढली, अनुक्रमणिका काढली, आणि पेन्सिल एकेका ओळीवर टेकवत मोठ्याने वाचायला लागले.

“प्रकरण पहिले, प्रास्ताविक, पान एक.” पान उघडलं. “आहे.” बरोबरची खूण. “गिझर चालू राहिलाय, पान एकोणीस.”

टिंबरावांच्या पायाखालची फरशी विद्यापीठाने काढून घेतली. हाताने उडवलेल्या सगळ्या ओळी दुकानात ‘ताज्या’ होऊन परत आल्या होत्या.

“काय?” बाई म्हणाल्या.

भाऊसाहेबांनी पान एकोणीस उघडलं, वरून खाली पाहिलं. “नाही. गिझर नाही.”

“अहो, गिझर कसा असेल?”

“अनुक्रमणिकेत आहे, पानावर नाही.” चुकीची खूण. “प्रकरण दुसरे, एकतीस. आहे. आईंचा चष्मा फ्रिजमध्ये सापडला, सदुसष्ट.” पान उलटलं. “चष्मा नाही.”

बाईंनी हळूच मान वळवून टिंबरावांकडे पाहिलं. टिंबराव छताचा पंखा पाहत होते. पंखा बंद होता.

“वाट पाहून जेवून घेतलं, अठ्ठ्याण्णव. जेवणही नाही!” भाऊसाहेबांनी पेन्सिल कानावर ठेवली. “मॅडम, आत काय लिहावं हा तुमचा प्रश्न. गिझर लिहा, चष्मा लिहा, संशोधन आहे तुमचं. पण अनुक्रमणिकेत जे आहे ते पानावर पाहिजे. नियम सोळा. पंचवीस मिनिटं आहेत. दुरुस्त करून आणा.”

“पंचवीस मिनिटांत चार प्रती छापून होत नाहीत हो!”

“मग घेता येणार नाही.”

बाई खिडकीच्या गजाला धरून उभ्या राहिल्या. नऊ वर्षं त्यांनी पाठ मोडून बसून काढली होती, आणि आता ती वर्षं एका गिझरपाशी अडली होती. टिंबरावांनी त्यांना रागावलेलं पुष्कळदा पाहिलं होतं. असं खालच्या ओठाला दातांनी धरलेलं कधी नव्हतं पाहिलं. पाच मिनिटं, चहा धरून सात! त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली, पण दोन्ही हातांत प्रती होत्या.

आणि मग त्यांची नजर भाऊसाहेबांच्या मागे गेली. कोपऱ्यात, कपाटाच्या सावलीत, रेग्झिनच्या टोपीखाली एक ओळखीचा आकार होता.

“भाऊसाहेब,” टिंबरावांचा आवाज एकदम हेडक्लार्कचा झाला, “ती मशीन चालते?”

“चालते की. लिफाफ्यांवर पत्ते मारतो.”

“नियम सोळा मान्य. पण छापून झालेल्या दस्तऐवजात चूक आढळली तर शुद्धिपत्र जोडता येतं की नाही?”

भाऊसाहेब थबकले. एक कारकून दुसऱ्या कारकुनाला ओळखतो, त्याला ओळखपत्र लागत नाही. “येतं,” ते सावकाश म्हणाले. “शुद्धिपत्र टंकलिखित असावं. प्रत्येक प्रतीला एक.”

“कार्बन द्या!”

टिंबराव आत शिरले, टोपी काढली, चार कागद आणि तीन कार्बन चढवले. खडखडाट सुरू झाला. ‘शुद्धिपत्र. अनुक्रमणिकेतील पुढील नोंदी रद्द समजाव्यात.’ डावीकडे नोंद, उजवीकडे पान, मध्ये टिंबं! ओळ संपली की घंटी वाजे. भाऊसाहेब उठून मागे येऊन उभे राहिले.

“ही टिंबं... हाताने मारताय?”

“हाताने.”

भाऊसाहेबांनी नकळत हात जोडले.

बाईही आत आल्या होत्या. अनुक्रमणिका हातात धरून त्या एकेक रद्द करायची ओळ वाचून दाखवत होत्या. “गॅसवाला येऊन गेला, एकशे बारा. छत्री ऑफिसात राहिली, एकशे तीस.” आणि मग त्या थांबल्या.

“पुढची?” टिंबरावांची बोटं कळांवर टेकलेली.

“माझं चुकलं,” बाई म्हणाल्या. “एकशे त्रेचाळीस.”

टिंबराव मशीनमधले कार्बन उगाचच सारखे करायला लागले.

“हे कधी लिहिलंत?”

“तेव्हाच गं. बाराव्या दिवशी. दुसऱ्या दिवशी तू बोललीस, दूध संपलंय म्हणालीस. मला वाटलं वाचलंस.”

“दूध संपलं होतं म्हणून बोलले मी!”

“हो का?”

“चार वर्षं मी समजत होते, यांना काही वाटलंच नाही.”

“साहेब, चार बावन्न,” भाऊसाहेब म्हणाले.

“ही ओळ रद्द करायची नाही,” बाई म्हणाल्या.

“मॅडम, पण पानावर नाही ती!”

बाईंनी पर्समधून पेन काढलं, चारही प्रतींचं पान एकशे त्रेचाळीस उघडून टेबलावर ओळीने मांडलं आणि पेन टिंबरावांच्या हातात दिलं. “लिहा.”

“इथे? यांच्यासमोर?”

“त्या दिवशी तर बावीस लोक होते.”

टिंबरावांनी लिहिलं. चार वेळा. हाताने. अनुक्रमणिकेतल्यासारखंच, काना-मात्रा न चुकवता. भाऊसाहेबांनी चारही पानं तपासली, अनुक्रमणिकेवर पेन्सिल टेकवली आणि म्हणाले, “माझं चुकलं, पान एकशे त्रेचाळीस. आहे.” बरोबरची खूण! उरलेल्या सात ओळी टिंबरावांनी तीन मिनिटांत उडवल्या. धाडकन शिक्का बसला तेव्हा पाचला दोन मिनिटं कमी होती.

तीन महिन्यांनी तोंडी परीक्षा झाली. बाहेरून एक बडे प्राध्यापक आले होते, जाड भिंगांचे, जपून बोलणारे. टिंबराव शेवटच्या रांगेत इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. प्राध्यापकांनी इकडचे तिकडचे चार प्रश्न विचारले, बाईंनी फटाफट उत्तरं दिली. मग त्यांनी प्रबंध मिटला, चष्मा काढला आणि म्हणाले, “एक गोष्ट मुद्दाम सांगतो. चौथ्या प्रकरणातला ‘माझं चुकलं’ हा भाग मला संपूर्ण प्रबंधात सर्वांत प्रामाणिक वाटला. हस्तलिखित ठेवण्याची कल्पनाही उत्तम. पण दोनच शब्द? इतक्या महत्त्वाच्या मुद्द्याचा जरा विस्तार व्हायला हवा होता.”

 बाईंनी मागे वळून शेवटच्या रांगेकडे पाहिलं.

“सर,” त्या म्हणाल्या, “संबंधितांना तसं कळवते.”

संबंधितांना ते त्याच दिवशी, घरी जाताना रिक्षात कळवण्यात आलं. पुस्तक होईल तेव्हा विस्तार आत हवा, असंही सांगण्यात आलं. टिंबराव म्हणाले, “हॅ! पाच मिनिटांचं काम!”

त्याला आता चार महिने झाले. टिंबराव रोज सकाळी नवी फाईल उघडून बसतात. मजकूर अजून सुचलेला नाही. पण अनुक्रमणिका तयार आहे, आणि टिंबं अगदी एका रेषेत आहेत.